देणगी आपली, पण निर्णय कोणाचा?

आज एक साधा प्रश्न घेऊया. एखाद्या आजारावरच्या संशोधनासाठी तुम्ही पैसे दिलेत, तर ते कुठल्या प्रयोगशाळेला जाणार हे ठरवतं कोण?

उदाहरण अमेरिकेतलं घेते. संस्थेचं नाव ‘फाउंडेशन फायटिंग ब्लाइंडनेस’. तिची सुरुवात झाली रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक आजारापासून. यात डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या, प्रकाश टिपणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग बाजूचं, आणि मग नळीतून बघावं तेवढंच उरतं.

गॉर्डन गुंड या उद्योजकाची नजर यात तिशीच्या आसपासच गेली. १९७० मध्ये ते उपचारासाठी थेट सोव्हिएत युनियनमधल्या ओडेसाला जाऊन आले. उपयोग शून्य. तिकडे बाल्टिमोरच्या बर्मन दांपत्याच्या दोन मुलींनाही हाच आजार. उपचार सोडा, त्यावर संशोधनच फारसं होत नव्हतं. मग १९७१ मध्ये गुंड आणि बर्मन कुटुंबांनी मिळून ही संस्था काढली. १९७४ मध्ये बॉस्टनला हार्वर्डशी जोडलेल्या डोळ्यांच्या इस्पितळात ‘बर्मन-गुंड प्रयोगशाळा’ सुरू झाली.

आता खरी गंमत बघा. पैसे उभे करणारे कोण? पेशंट आणि त्यांचे घरचे. त्यांना घाई असणारच ना! पोराची नजर रोज थोडी थोडी जातेय, आणि कुणीतरी ‘माझ्याकडे उपाय आहे’ म्हणत समोर आलं, तर हात आपोआप खिशात जातो. म्हणून इथे कामं वाटून घेतलीत. संस्था कुठल्या दिशेने जाणार हे संचालक मंडळ ठरवतं, आणि त्यात स्वतः हा आजार असलेले किंवा घरात पेशंट असलेले लोक असतात. पण कुठला प्रस्ताव विज्ञानाच्या कसोटीवर टिकतो, हे बघायला वेगळं वैज्ञानिक सल्लागार मंडळ असतं. थोडक्यात, तळमळ घरच्यांची, पारख तज्ज्ञांची.

आणि पारख म्हणजे बहुतेकांना ‘नाही’ म्हणणं. ते घरच्यांना जमणं अवघडच!

याचं फळ? आरपीई६५ नावाच्या जनुकातल्या दोषामुळे काही मुलं जवळजवळ अंध जन्माला येतात. त्यावरच्या जनुकोपचाराच्या अगदी सुरुवातीच्या कामाला या संस्थेने पैसे दिले. २००१ मध्ये आधी ब्रियार्ड जातीच्या कुत्र्यांना दिसू लागल्याचं प्रसिद्ध झालं. मग माणसांवर चाचण्या झाल्या आणि डिसेंबर २०१७ मध्ये ‘लक्सटर्ना’ला अमेरिकेत मान्यता मिळाली.

किंमत ऐका. दोन्ही डोळ्यांचे मिळून साडेआठ लाख डॉलर! तेव्हाच्या दराने पाच कोटींहून जास्त रुपये. म्हणजे पायाला पैसे देणगीदारांचे, आणि वर इमारत कंपनीची. इथे प्रश्न पडलाच पाहिजे: देणगीदारांना काय मिळालं?

संस्थेचं एक उत्तर म्हणजे २०१८ मध्ये सुरू केलेला ‘आरडी फंड’. नुसतं अनुदान देण्याऐवजी हा फंड कंपन्यांमध्ये गुंतवणूक करतो, आणि नफा झाला तर तो परत संशोधनातच जातो. यात धोका आहेच. २०१८ मध्येच संस्थेने ‘प्रोक्यूआर’ या डच कंपनीला एका औषधासाठी ७५ लाख डॉलरपर्यंत पैसे द्यायचं ठरवलं. पुढे कंपनीने डोळ्यांच्या औषधांतूनच अंग काढून घेतलं आणि ते औषध दुसऱ्या कंपनीकडे गेलं. शिवाय फंडात पैसे परत आले, तरी औषध आपोआप स्वस्त होत नाही. तो प्रश्न अजून उभाच आहे.

एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. अमेरिकेत अशा संस्थांना दरवर्षी ‘फॉर्म ९९०’ भरावा लागतो आणि तो कुणालाही बघता येतो. कुणाला किती अनुदान दिलं, वरच्या अधिकाऱ्यांचा पगार किती, हितसंबंधांबाबत लेखी धोरण आहे का, सगळं त्यात.

तेव्हा पुढच्या वेळी क्यूआर कोड स्कॅन करण्याआधी एवढंच विचारा: निवड कोण करतं? त्या निवडणाऱ्याच्या स्वतःच्या प्रयोगशाळेचा अर्ज आला, तर तो खोलीबाहेर जातो का? आणि औषध बनलंच, तर ते परवडावं म्हणून संस्था काय करणार? चांगली संस्था या प्रश्नांवर चिडत नाही, कागद दाखवते.

चला, भेटू पुढच्या भागात. डोळ्यांना जपा, आणि हो, आता स्क्रीन जरा बाजूला ठेवा!