बातमी आणि जाण

श्रोतेहो, शाळेत शिवचरित्र शिकविताना बहिर्जी नाईकांचे नाव निघाले, की मुले सरसावून बसतात. वेषांतर, रात्रीची वाट, गुप्त खुणा यांची गोडी कोणास नाही? पण हेराने आणलेली बातमी पुढे कोणाच्या हाती जाते, तिचा अर्थ कोण लावतो, आणि तो चुकला तर काय ओढवते, हे सहसा कोणी विचारीत नाही. हाच प्रश्न हाती घेणाऱ्या एका इंग्रज इतिहासकाराची आज ओळख करून द्यावयाची आहे.

सर ख्रिस्तोफर बेली यांचा जन्म १९४५ साली इंग्लंडात झाला. ऑक्सफर्डला शिकत असता त्यांनी संशोधनासाठी अलाहाबाद शहर निवडले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९७५ साली निघाला. १९८३ मध्ये उत्तर हिंदुस्थानातील राज्यकर्ते, नगरवासी आणि बाजारपेठा यांवर त्यांनी लिहिले. पुढे केंब्रिज विद्यापीठात ते प्राध्यापक झाले, आणि १९९६ साली त्यांचा ‘एम्पायर अँड इन्फर्मेशन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १७८० ते १८७० या काळात इंग्रजांनी या देशाची बातमी कशी मिळविली, हा त्याचा विषय होय. २००७ साली त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. २०१५ साली शिकागो येथे त्यांचे निधन झाले.

बेली यांचे म्हणणे थोडक्यात असे. इंग्रजांनी येथील जासूद, मुनशी आणि अखबारनवीस आपल्या चाकरीस घेतले, म्हणून त्यांस राज्य जिंकता आले. परंतु घराघरांतून, सोयरिकींतून, गावच्या पारावरून जी जाण माणसास आपोआप मिळते, ती त्यांस पगार देऊनही लाभली नाही. म्हणून सर्व दप्तरे भरलेली असताही १८५७ चा उठाव त्यांस अनपेक्षित वाटला.

याची साक्ष आपल्याच इतिहासात सापडते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची लढाई झाली. नागपूरचे दुसरे रघूजी भोसले शिंद्यांसमवेत त्या मोहिमेत होते. शत्रू भोकरदनला आहे, असे वेलस्लीच्या जासुदांनी सांगितले. ते खोटे नव्हते; पण जासुदांच्या मनात भोकरदनचा परगणा होता आणि साहेबाने गाव धरले! परिणामी कर्नल स्टीव्हन्सनची कुमक येण्यापूर्वीच त्यास लढावे लागले. विजय मिळाला खरा, परंतु त्याच्या रणातील फौजेचा तिसरा हिस्सा तरी ठार किंवा जखमी झाला.

त्याच मोहिमेत वेलस्लीच्या दिमतीस असलेला एल्फिन्स्टन १८०४ साली नागपूरचा रेसिडेंट झाला, आणि त्याच्यामागून जेंकिन्स आला. पांढुर्णा-सौंसरचा आपला मुलूख तेव्हा भोसल्यांच्या राज्यात होता. सीताबर्डीच्या लढाईनंतर १८१८ साली अप्पासाहेब भोसल्यांस कैद करून अलाहाबादकडे नेत असता, मे महिन्यात ते शिपायाच्या वेषात पहाऱ्यातून निसटले. आपल्या उत्तरेस असलेल्या महादेवाच्या डोंगरात गोंडांनी त्यांस आसरा दिला. हर्रईचा चैनशाह त्यांच्या पाठीशी उभा राहिला. इंग्रजांनी मोठे इनाम लावले, फौजा पाठविल्या. तरी अप्पासाहेब हाती लागले नाहीत. १८१९ च्या आरंभी ते असीरगडाकडे निघून गेले, आणि १८४० साली जोधपूरला वारले. डोंगरात सारे ठाऊक असणारी माणसे होती. पण ज्यांस ठाऊक होते, त्यांनी सांगितले नाही. इनामाने बातमी मिळते, विश्वास मिळत नाही.

आता एक अलीकडची गोष्ट. आमच्या भागातील एका खेड्यात, मुले पळविणारी टोळी आल्याचा निरोप मोबाइलवरून घरोघर पोचला. दुसऱ्या दिवशी बांगड्या विकणाऱ्या एका परक्या गृहस्थास लोकांनी चौकात अडविले. धरणाऱ्यांत माझ्या विद्यार्थ्यांचे वडीलही होते. मी समजावू लागलो, कोणी ऐकेना. तेवढ्यात एक म्हातारी गर्दीत शिरली नि म्हणाली, “अरे, याच्या बापापासून मी बांगड्या भरत आली आहे!” हात आपोआप खाली आले. साऱ्या गावाजवळ बातमी होती. जाण एकट्या त्या बाईजवळ होती.

त्या दिवसापासून मी वर्गात एक नेम ठेविला आहे. मुलाने कोणतीही बातमी आणली, की मी तीन प्रश्न विचारतो: ही कोणी पाहिली? सांगणाऱ्यास तो माणूस किंवा ते ठिकाण ठाऊक आहे काय? आणि त्याने वापरलेल्या शब्दाचा अर्थ तू तोच घेतलास काय? भोकरदन म्हणजे गाव की परगणा, एवढे विचारले असते, तर असईच्या रणात कितीतरी जीव वाचले असते. श्रोतेहो, आज घरी आलेल्या पहिल्या निरोपाला हे तीन प्रश्न विचारून पाहा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.