जागा बदलली तरी खेळ तोच

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात अचलपूर येथे विद्यार्थी-गौरव प्रसंगी केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी ती आनंदाने शिरसावंद्य मानली. अशा प्रसंगी शिक्षकाने अभ्यासावर बोलावे, ही रूढी आहे. परंतु आज आपण ज्या विद्यार्थ्यांचा गौरव केला, त्यांत परीक्षेत चमकलेल्या मुलांबरोबर सॉफ्टबॉलच्या मैदानावर चमकलेल्या मुलीही आहेत. त्यांना नारळ आणि पुष्पगुच्छ देताना टाळ्या झाल्या खऱ्या. पण त्या नेमके काय खेळतात, हे सभागृहातील पुष्कळांना ठाऊक नसावे, असे मला त्या टाळ्यांवरूनच वाटले. म्हणून आज मी त्या खेळावर आणि त्यातील एका लहानशा पण महत्त्वाच्या गोष्टीवर बोलणार आहे. ती गोष्ट म्हणजे संघातील आपली जागा बदलणे.

खेळांचे वेड आपल्या वऱ्हाडाला नवे नाही. अमरावतीस वैद्य बंधूंनी 1914 साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे रोप लावले आणि 1936 साली त्याच मंडळाच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली. अशा भूमीत परदेशी खेळही रुजावा, यात नवल ते काय! सॉफ्टबॉलचा जन्म अमेरिकेतील शिकागो शहरात 1887 साली झाला. एका नौका-क्लबात जमलेल्या तरुणांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा आवळून त्याचा चेंडू केला, झाडूच्या दांड्याची बॅट केली, आणि जॉर्ज हॅन्कॉक नावाच्या गृहस्थाने त्या गमतीला खेळाचे रूप दिले. प्रथम हा खेळ छपराखाली खेळला जाई. पुढे तो मोकळ्या मैदानावर आला. 'सॉफ्टबॉल' हे नावही त्यास 1926 साली मिळाले. 1996 साली अटलांटा येथे महिलांच्या सॉफ्टबॉलला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले, 2008 नंतर ते गेले, टोकियोच्या स्पर्धेत 2021 साली परत आले, आणि 2028 साली लॉस एंजेलिस येथे तो पुन्हा खेळला जावयाचा आहे. म्हणजे हा खेळच मुळी जागा बदलत बदलत मोठा झाला आहे.

आता त्याची रचना थोडक्यात सांगतो. संघात नऊ खेळाडू असतात आणि सामना सात डावांचा असतो. मैदानात प्रत्येकी 60 फुटांच्या चार बाजूंचा एक चौकोन आखतात. त्याच्या एका कोपऱ्यावर होम प्लेट, म्हणजे फलंदाज उभा राहतो ती जागा. उरलेल्या तीन कोपऱ्यांवर फर्स्ट, सेकंड आणि थर्ड बेस. पिचर मुलींच्या सामन्यात 43 फुटांवरून खालून हात फिरवून चेंडू टाकते, कॅचर फलंदाजाच्या मागे बसते. पहिल्या बेसजवळ एक, दुसऱ्या बेसच्या उजव्या अंगाला एक, डाव्या अंगाला शॉर्टस्टॉप आणि तिसऱ्या बेसजवळ एक अशा चौघीजणी आतले मैदान राखतात, तिघी बाहेरचे. ज्यांनी लहानपणी आट्यापाट्या खेळल्या असतील, त्यांना सूर धरणे आणि आडवी पाटी धरणे यांतील फरक आठवत असेल. कबड्डीतही कोपरा सांभाळणारा आणि मध्य सांभाळणारा यांची पावले निराळी पडतात. सॉफ्टबॉलच्या आतल्या मैदानाचे तसेच आहे. चौघींचे काम एकच, जमिनीवरून आलेला चेंडू अडविणे आणि धावणारीच्या आधी तो बेसवर पोहोचविणे. परंतु प्रत्येक जागेची रीत वेगळी.

निवृत्तीनंतर सायंकाळी मैदानावर जाऊन बसण्याचा माझा परिपाठ आहे. तेथे आपल्याच समाजातील एक मुलगी, नववीत शिकणारी, शॉर्टस्टॉपच्या जागी खेळत असे. दोन वर्षे ती जागा तिने उत्तम राखली. तिसऱ्या वर्षी संघात दुसरी एक मुलगी आली. तिच्या हातात लांब फेकीचे बळ अधिक होते. क्रीडाशिक्षकांनी तिला शॉर्टस्टॉप केले आणि आपल्या मुलीस सेकंड बेसवर नेले. दुसऱ्याच दिवशी मुलीचे वडील मला रस्त्यात भेटले. त्यांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, "गुरुजी, पोरीले सेकंडवर कावून टाकलं? आमची पोरगी काय कमी हाये? उद्यापासून तिले मैदानावर धाडतच नाही."

बंधुभगिनींनो, या गृहस्थांना हसू नका. आपल्या व्यवहारात 'सेकंड' या शब्दाचा अर्थ दुय्यम असाच रूढ झाला आहे. शिवाय त्यांची चिंता पोकळ नव्हती. राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. निवड करणाऱ्यांची नजर शॉर्टस्टॉपवर आधी जाते, असे त्यांनी ऐकले होते. ज्या घरात मुलीने मैदानावर जावे की नाही, याचाच निर्णय मोठ्या मिनतवारीने झालेला असतो, त्या घरात एवढे निमित्त पुरेसे होते. एका जागेच्या बदलाने त्या मुलीचा खेळ कायमचा सुटण्याची वेळ आली होती.

मी त्यांना म्हटले, "भाऊ, सेकंड हा कोपऱ्याचा नंबर आहे, पोरीचा नव्हे. चार दिवस माझ्यासोबत मैदानावर येऊन बसा. मग काय ते ठरवा." ते आले. मुलगी चुकत होती आणि बाप पाहत होता. ती का चुकत होती, हे समजून घेण्यासारखे आहे.

शॉर्टस्टॉपवरून फर्स्ट बेसपर्यंतची फेक लांब पल्ल्याची. तेथे चेंडू उचलला की अंगाचा सारा जोर लावून फेकावे लागते. सेकंड बेसवरून तेच अंतर जवळपास निम्म्यावर येते. मुलीचा हात मात्र जुन्या सवयीने पूर्ण जोराने फेकी, आणि फर्स्ट बेसवरील मुलीच्या हातून चेंडू निसटे. दुसरे असे की, शॉर्टस्टॉपच्या जागी बेसकडे सरकत चेंडू घेतला की फर्स्ट बेस डोळ्यांसमोर असतो. सेकंड बेसच्या जागेवरून तसेच बेसकडे धावून चेंडू घेतला की फर्स्ट बेस पाठीमागे राहतो. मग थांबायचे, वळायचे आणि फेकायचे. दोन धावणाऱ्यांना एकाच चेंडूवर बाद करण्याच्या प्रसंगी तर पहिल्या बेसवरून धावत येणारी प्रतिस्पर्धी तिला नीट दिसतही नाही. उजव्या हाताने खेळणारीने उशिरा फटका मारला की या बाजूस आलेला चेंडू गरगरत बाहेरच्या रेषेकडे सरकतो. शॉर्टस्टॉपच्या डोळ्यांना त्याची सवय नसते. आणि सर्वांत अवघड म्हणजे बंट. फलंदाजाने बॅट आडवी धरून चेंडू नुसता पुढ्यात टाकला, की फर्स्ट बेसवरील मुलगी तो उचलण्यास पुढे धावते आणि तिची रिकामी जागा सेकंड बेसवालीने धावत जाऊन भरावयाची असते. जिच्याकडे चेंडू आलेलाच नाही, तिने सर्वांत आधी धावावे! चांगली धावपटू सुमारे तीन सेकंदांत फर्स्ट बेस गाठते. एवढ्या वेळात सारे घडले पाहिजे.

इतर जागांचेही असेच आहे. थर्ड बेसवर उभी असलेली मुलगी फलंदाजापासून पंधरा मीटरवर असेल आणि चेंडू ताशी शंभर किलोमीटर वेगाने आला, तर तिला अर्ध्या सेकंदाहून फारसा अधिक वेळ मिळत नाही. तेथे धावण्याला वाव थोडा. छाती पुढे करून उभे राहण्याचे धैर्य लागते. तेथून फर्स्ट बेसपर्यंतचे अंतरही जवळपास 85 फूट. फर्स्ट बेसवर फेकीपेक्षा झेल महत्त्वाचा. एक पाय बेसला टेकवून अंग जितके लांबवता येईल तितके लांबवावे लागते. या जागी डावखुऱ्या मुलीला फायदा असतो, कारण तिचा ग्लव्ह उजव्या हातात, म्हणजे मैदानाच्या बाजूस राहतो. ज्या मुलीला घरी 'डावरी' म्हणून टोमणे ऐकावे लागतात, तिची त्या कोपऱ्यावर संघाला गरज असते, हे आयाबहिणींनी ध्यानात ठेवावे.

त्या मुलीच्या शिक्षकांनी तिला फार उपदेश केला नाही. आठ दिवस तिला चेंडू हातात न देता केवळ पावले टाकावयास लावली. फलंदाजाचा हात बॅटवर वर सरकला, की फर्स्ट बेसकडे धाव, एवढेच. नंतर आठ दिवस आखूड फेकी. मग शॉर्टस्टॉपवरील नव्या मुलीबरोबर जोडीने सराव. कोणी बेसवर जायचे आणि कोणी मागे उभे राहायचे, हे प्रत्येक चेंडूआधी एकमेकींना ओरडून सांगावयाचे. प्रथम दोघींत अबोला होता. परंतु ज्या कामात बोलल्याशिवाय गत्यंतर नाही, त्या कामात अबोला फार टिकत नाही. आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. जुन्या जागेवरून खेळताना फलंदाज काय करणार, हे ओळखण्याची जी नजर तिला आली होती, ती नव्या जागी वाया गेली नाही. सवयी सोडाव्या लागल्या, विद्या सोडावी लागली नाही.

विभागीय स्पर्धेत हा संघ हरला, हे मी लपवीत नाही. पण त्या सामन्यात प्रतिपक्षाने तीनदा बंट केला आणि तिन्ही वेळा आपली मुलगी फर्स्ट बेसवर धावणारीच्या आधी उभी होती. तिघीही बाद झाल्या. गुणपत्रकात चेंडू उचलणारीचे नाव आधी येते. परंतु ज्यांना खेळ कळतो, त्यांनी टाळ्या कोणासाठी वाजविल्या, हे तिच्या वडिलांनी स्वतः पाहिले. ती मुलगी आजही खेळते आहे. वडील आता दुसऱ्यांच्या मुलींच्या बापांना सेकंड बेस म्हणजे काय ते समजावून सांगतात.

शॉर्टस्टॉप ही मानाची जागा तरी प्रथमपासून कोठे होती! बेसबॉलमध्ये 1850 च्या सुमारास डॉक ॲडम्स नावाच्या खेळाडूने ती प्रथम काढली, ती बाहेरच्या खेळाडूंच्या फेकी आत पोहोचविण्यासाठी. चेंडू हलका होता, लांब जात नसे, म्हणून मध्ये एक निरोप्या हवा होता. पुढे चेंडू सुधारला आणि ती जागा आतल्या मैदानात आली. म्हणजे मान जागेला जन्मतः चिकटलेला नव्हता. कामातून तो आला.

ज्ञातिबंधूंनो, हे मी आपल्या मेळाव्यात मुद्दाम बोलतो आहे. आपले पूर्वज मागावर बसणारे. पूर्वी विणकर दोन्ही हातांनी धोटा इकडून तिकडे टाकी. झटक्याचा माग आला, तेव्हा एका हाताने दोरी ओढावयाची आणि दुसऱ्या हाताने फणी ठोकावयाची, अशी नवी बैठक शिकावी लागली. पुढे यंत्रमाग आले. कोणी गिरणीत गेले, कोणी शाळेत, कोणी कचेरीत. प्रत्येक वेळी जुन्या जागेचा अभिमान आणि नव्या जागेची लाज, या दोहोंनी आपल्याला मागे ओढले. वास्तविक ज्यांच्या बोटांना सुताचा ताण कळत होता, त्यांना नवीन काम शिकणे अशक्य नव्हते. आपल्या देशात माणसाची जागा जन्मावरून ठरविण्याची चाल शतकानुशतके चालली आणि तिने सर्वांचेच नुकसान केले. खेळाचे मैदान ही अशी थोडकी स्थळे आहेत, की जेथे जागा काम पाहून देतात आणि काम पाहून बदलतात. ज्ञातिमंडळाने हा धडा मैदानावरून घरी न्यावा, यातच त्याचे सार्थक आहे.

शेवटी दोन विनंत्या करतो. पहिली पालकांना. मुलीची जागा बदलली, तर तिला घरी बसविण्यापूर्वी एकदा मैदानावर जाऊन पाहा. तुमच्या उपस्थितीने तिला जे बळ येईल, ते कोणत्याही गुणसवलतीने येणार नाही. दुसरी विनंती मंडळाच्या कार्यकारिणीस. आपण पुस्तकांसाठी साहाय्य देतो, ते योग्यच आहे. त्याच निधीतून दरवर्षी काही ग्लव्ह घेऊन गरजू खेळाडूंना वापरण्यास द्यावेत, आणि त्यांत एक-दोन डावखुऱ्या मुलींसाठी असावेत. कारण उसना ग्लव्ह मिळालाच, तर तो बहुधा डाव्या हाताचा असतो, आणि त्या मुलींना तो चालत नाही. खर्च फार मोठा नाही. मी माझ्या निवृत्तिवेतनातून पहिल्या ग्लव्हची रक्कम आज चिटणीसांकडे देत आहे.