भोपाळच्या मातीत उरलेलं विष

भोपाळ म्हटलं की २ आणि ३ डिसेंबर १९८४ची विषारी वायुगळतीची ती रात्र आठवते. पण वायू विरून गेला तरी युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्याच्या आवारातली माती आणि जमिनीखालचं पाणी तिथंच राहिलं. कीटकनाशकं बनवताना उरलेला गाळ, रसायनं, क्लोरीनयुक्त द्रव्यं. यातला बराच कचरा दुर्घटनेच्या आधीच आवारात आणि बाहेरच्या तळ्यांमध्ये टाकला गेला होता, हे सहसा कोणी सांगत नाही.

कारखान्याच्या गोदामात साठवलेला ३३७ टन कचरा अखेर जानेवारी २०२५ मध्ये १२ बंद कंटेनरांतून पीथमपूर या औद्योगिक शहरात नेला. तिथल्या लोकांनी जोरदार विरोध केला, आणि त्यांची भीती मला रास्तच वाटते. पुढे तो भट्टीत जाळला. जाळताना तयार होणारी आम्लं मारायला चुना घालावा लागतो, म्हणून राखेचं वजन मूळ कचऱ्याहून जास्त भरतं. ती राख पुन्हा सुरक्षित खड्ड्यात पुरावी लागते.

पण ३३७ टन म्हणजे किती? नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेनं हैदराबादच्या भूभौतिक संस्थेसोबत २०१० मध्ये अंदाज दिला होता : सुमारे ११ लाख टन माती दूषित. ही माती उपसून धुवायची किंवा जागीच बंदिस्त करायची, आणि भूजल वर्षानुवर्षं उपसून शुद्ध करायचं. ते काम अजून बाकी आहे. आजूबाजूच्या वस्त्यांना नळाचं स्वच्छ पाणी मिळावं, यासाठीसुद्धा सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला.