पुराच्या पाण्यातील पोलीस

काशीच्या घाटांच्या रांगेत राजा घाट नावाचा एक भक्कम दगडी घाट आहे. पूर्वी त्यास अमृतराव घाट म्हणत. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव १८०३ साली इंग्रजांकडून सालिना सात लाखांची नेमणूक घेऊन पेशवाईच्या राजकारणातून दूर झाले आणि १८२४ साली काशीतच निवर्तले. घाटाच्या बांधणीशी त्यांचे नाव जोडलेले आहे.

पावसाळ्यात गंगा चढू लागली, की या घाटाच्या पायऱ्या एकामागून एक पाण्याखाली जातात. नदीची पातळी मोजतात ती येथे नव्हे, तर नामसादृश्यामुळे घोटाळा करणाऱ्या राजघाटावर. तेथे ७१.२६ मीटर ही धोक्याची रेषा होय. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत पोहोचले होते. अशा वेळी घाटांवरील वाट बंद होते आणि गल्ल्यांतून नावा चालू लागतात. मग मदतीस धावून यावयाचे कोणी?

आपल्या राज्यघटनेने पोलीस हा विषय राज्यांकडे सोपविला आहे. साऱ्या देशाचे असे एकच पोलीस दल भारतात नाही. केंद्राची सशस्त्र दले आहेत, पण त्यांची कामे सीमारक्षणापासून कारखान्यांच्या पहाऱ्यापर्यंत वाटलेली. याच दलांतील जवान निवडून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद बल उभारण्यात आले. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने त्यास आधार दिला व २००६ साली आठ तुकड्यांनिशी ते अस्तित्वात आले. पुढे ही संख्या सोळावर गेली. त्यांतील अकरावी वाराणसीस, तर पाचवी पुण्याजवळ असते.

प्रत्येक तुकडीत अकराशेंहून अधिक माणसे आणि पंचेचाळीस जणांची अठरा पथके असतात. पथकात अभियंता, वीजतंत्री, वैद्यकीय साहाय्यक आणि श्वानांसह त्यांचे शिक्षक असतात. कारण बाहेरून काही मिळेल, हे गृहीत धरून संकटस्थळी जाता येत नाही. हवेने फुगणाऱ्या यांत्रिक नावा, पाणबुड्यांची सामग्री, काँक्रीट कापणारी यंत्रे, ढिगाऱ्याखालील माणूस हुडकणारे कॅमेरे, हा त्यांचा शस्त्रसंभार. नागपुरात नागरी संरक्षणाचे शिक्षण १९५७ पासून दिले जात आले. त्याच नगरात या बलाचीही अकादमी आहे. बंदूक चालविण्यात तरबेज झालेला शिपाई येथे बुडत्याला पाठीमागून कसे धरावे आणि खचलेल्या भिंतीस आधी टेकू कसा द्यावा, हे नव्याने शिकतो.

तथापि या सिद्धतेलाही एक मर्यादा आहे, ती वेळेची. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. गाव दिसेनासे झाल्याचे प्रथम ध्यानी आले ते एस्. टी.च्या एका चालकाच्या. पुण्याजवळची तुकडी तेथे पोहोचून चिखलात कित्येक दिवस राबली. परंतु गाडलेल्या माणसाच्या आयुष्याचा हिशेब तासांनी होतो.

म्हणून राष्ट्रीय दल कितीही सुसज्ज असले, तरी पहिला हात शेजाऱ्याचाच पोहोचतो. राजा घाटाच्या परिसरात तो बहुधा नावाड्याचा असेल. गंगेचे भोवरे तो पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो. त्याच्या अनुभवास शिक्षणाची आणि साधनांची जोड मिळाली, तर दूरच्या पथकाची वाट पाहण्याचा काळ तेवढा कमी जीवघेणा ठरेल.