व्यसनमुक्तीची वाट, खर्चाविना



गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. कायद्याने दुकान बंद होते; शरीराला जडलेल्या व्यसनाला मात्र उपचारच हवा.

घरची माणसे काय करतात? पिणाऱ्याला शपथ घालतात, नाहीतर खोलीत कोंडतात. पण वर्षानुवर्षे रोज मोहाची पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली, तर दोन-तीन दिवसांत हातपाय कापतात, झटके येतात, भ्रम होतो. प्रसंगी जीवही जातो. म्हणून आधी कुरखेड्याचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे. किती पितो, कधीपासून पितो, हे डॉक्टरांना खरे सांगावे. दारूबंदी असली तरी उपचार मागणे हा गुन्हा नव्हे.

पुढचा आधारही महाग नाही. २०१६ साली डॉ. अभय बंग यांची ‘सर्च’ संस्था, शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ हे काम सुरू केले. त्यातून तालुक्याच्या ठिकाणी व्यसन-उपचाराचे दवाखाने निघाले. त्याची चौकशी गावच्या आशाताईंकडे करावी. शिवाय १४४४६ या सरकारी क्रमांकावर फोन केल्यास पैसे पडत नाहीत.

गुरुजनहो, हा आकडा शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवा. एखादे पोर तो घरी घेऊन जाईल.