मुलांच्या नावाचे पासबुक



'दिवाळे' या शब्दाविषयी जुन्या बाजारपेठांतून एक गोष्ट सांगतात. ज्या व्यापाऱ्याला देणी फेडता येत नसत, तो म्हणे भरदिवसा आपल्या पेढीत दिवा लावून ठेवी. जाणारे-येणारे काय ते समजून जात. कायद्याच्या मराठीत अशा माणसाला नादार म्हणतात. शब्द फारसीतून आला. ज्याच्यापाशी काही उरले नाही, तो नादार. पण आज मी बोलणार आहे ते त्याच्या घरातल्या मुलांविषयी. वडील नादार झाले, तर मुलांच्या नावावर बँकेत जे चार पैसे असतात त्यांचे काय होते?

समजा, चार यंत्रमाग चालवणारा एक माणूस आहे. सूत महागले, कापडाला उठाव राहिला नाही आणि बँकेचे व पतसंस्थेचे हप्ते थकले. त्याच्या अकरा वर्षांच्या मुलीच्या खात्यात अठरा हजार रुपये आहेत. आजीने दिलेले, ईदीचे किंवा भाऊबीजेचे, चित्रकलेच्या बक्षिसाचे. रात्री मुले झोपल्यावर नवरा-बायको हळू आवाजात बोलतात, 'तिच्या खात्यावरही टाच येईल का हो?'

या प्रश्नाचे कायद्यातले उत्तर बरेचसे दिलासा देणारे आहे. नादारीत धनकोंना वाटली जाते ती नादार माणसाची मालमत्ता. दुसऱ्या कुणाची म्हणून त्याने विश्वासाने सांभाळलेली वस्तू त्यात धरत नाहीत. मुंबई शहरासाठी 1909 सालचा आणि उरलेल्या महाराष्ट्रासाठी 1920 सालचा असे नादारीचे दोन कायदे इंग्रजांच्या काळात झाले. 1909 च्या कायद्यात विश्वस्त म्हणून ठेवलेली मालमत्ता स्पष्ट शब्दांत वगळली आहे. त्याच कलमात नादाराची हत्यारे, त्याचे आणि बायकामुलांचे कपडे, अंथरूण-पांघरूण व स्वयंपाकाची भांडीही वगळली आहेत, मात्र सगळी मिळून तीनशे रुपयांपर्यंतच! पुढे 2016 साली दिवाळखोरीची नवी संहिता आली. डिसेंबर 2019 पासून, कंपनीच्या कर्जाला ज्यांनी वैयक्तिक हमी दिली आहे, अशांना तिच्यातली व्यक्तींविषयीची कलमे लागू झाली. विश्वासाने सांभाळलेली मालमत्ता याही संहितेने बाजूला ठेवली आहे.

मुलीच्या खात्यावर सही बापाची चालते, पण ती पालक म्हणून. सातबाऱ्यावर अज्ञान मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क.' अशी तीन अक्षरे दिसतात. अज्ञान पालनकर्ता. जमीन मुलाची, आणि पालनकर्ता तिचा राखणदार. बँकेतल्या खात्याचेही नाते असेच आहे. म्हणून बापाचे कर्ज आणि मुलीचे खाते एकाच बँकेत असले, तरी बापाच्या थकलेल्या हप्त्यापोटी बँकेने मुलीच्या खात्यातून पैसे वळते करून घेणे योग्य नाही. देणे एकाचे आणि ठेव दुसऱ्याची असेल, तर वजावट होत नाही. तसे कुठे घडलेच, तर बँकेकडे लेखी तक्रार करावी. तिथे दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.

प्राप्तिकरामुळे पुष्कळांचा गोंधळ होतो. अज्ञान मुलाच्या ठेवीवरचे व्याज सहसा आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. त्यामुळे लोकांना वाटते, पैसा आपलाच. पण कर कुणी भरायचा हा एक प्रश्न, आणि पैसा कुणाचा हा दुसरा.

दुसरी भीती असते ती बापाचे कर्ज मुलांच्या मानगुटीवर बसण्याची. हिंदू कायद्यात पूर्वी पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य मानले जाई आणि धनको त्याच्या जोरावर मुलाकडे जाऊ शकत. 2005 च्या दुरुस्तीने त्यानंतरच्या कर्जांपुरती ती वाट बंद झाली. मुस्लिम कायद्यात वारसाची जबाबदारी त्याच्या वाट्याला आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. तेव्हा निव्वळ मूल आहे म्हणून बापाचे देणे त्याच्यावर येत नाही.

इथवर ऐकून कुणाच्या मनात एक युक्ती येईल. धंदा बुडतोच आहे, तर उरलेले चार-पाच लाख मुलीच्या नावावर टाकून मोकळे व्हावे! कायदे करणाऱ्यांना ही युक्ती फार पूर्वीच ठाऊक झालेली आहे. 1920 च्या कायद्यानुसार, मोबदला न घेता केलेल्या हस्तांतरानंतर दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज झाला आणि माणूस नादार ठरला, तर ते हस्तांतर न्यायालय रद्द करू शकते. नव्या संहितेतही अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांतले असे व्यवहार तपासले जातात, आणि जवळच्या नातलगांशी झालेले अधिक बारकाईने. आजीने वर्षानुवर्षे भरलेले शंभर-दोनशे रुपये वेगळे आणि हप्ते थकल्यावर एका दुपारी जमा झालेले चार लाख वेगळे. पासबुकातल्या तारखा हा फरक न बोलता सांगतात. शिवाय त्या चार लाखांमुळे मुलीच्या खऱ्या अठरा हजारांवरही संशयाची सावली पडते, हे ध्यानात ठेवावे.

आता खरा धोका कुठे आहे ते सांगतो. माझ्या मते तो घरातच आहे. धनकोला मुलीच्या खात्याला हात लावायचा तर न्यायालयाची पायरी चढावी लागते. बापाला पैसे काढण्याची एक चिठ्ठी पुरते. हप्ता भरायला तीन हजार कमी पडतात, वसुलीवाला दारात उभा असतो, आणि कपाटातले ते छोटे पासबुक आठवते. पुढच्या महिन्यात परत भरू, असे तो मनाशी म्हणतो. त्याला वाईट माणूस म्हणवत नाही. पण पैसे काढण्याचा अधिकार त्याला मिळाला आहे तो मुलीच्या भल्यासाठी. तिची फी, तिचे औषधपाणी, तिची पुस्तके यांसाठी तो वापरावा. बापाच्या कर्जाचा हप्ता त्यात बसत नाही. अठरा पूर्ण झाली की पालकाची सही संपते, खाते तिच्या हाती येते आणि हिशेब विचारण्याचा तिचा हक्क उभा राहतो. बहुतेक मुली विचारत नाहीत. पण पासबुकातली जमा आणि खर्चाची ओळ त्यांनाही वाचता येते.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. मुलांच्या खात्यात धंद्याचा पैसा फिरवू नका. कुणी काय दिले, ते तारखेसह एका वहीत लिहून ठेवा. पुढे शंका निघाली, तर ही वही उपयोगी पडेल. दहा वर्षांवरच्या मुलांना बँकेच्या नियमांत राहून आपले खाते स्वतः चालवता येते, ती सोय जरूर घ्या. भविष्य निर्वाहाच्या सार्वजनिक खात्यातली, म्हणजे पीपीएफमधली रक्कम खातेदाराच्या कर्जापोटी जप्त होत नाही, हेही माहीत असावे. आणि चुकून मुलाच्या खात्यावर जप्ती आलीच, तर घाबरून गप्प बसू नका. ज्या न्यायालयाने जप्ती केली, तिथेच मुलाच्या वतीने हरकत घेता येते. वकिलाची फी कुठून आणायची? 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सेवा मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात तिचे कार्यालय असते आणि 15100 या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते.

आमच्या घरांतून 'अमानत' हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. दुसऱ्याची वस्तू, जी जशीच्या तशी परत करायची. मराठीने हाच शब्द उचलला, त्याची अक्षरे मागेपुढे केली आणि 'अनामत' म्हणून बँकेच्या, कचेरीच्या कागदांवर वापरला. शब्द मागेपुढे झाला तरी अर्थ हलला नाही. मुलांच्या नावाचे पासबुक ही आपल्याकडे ठेवलेली मुलांची अनामत आहे. तिच्यात आपला पैसा लपवू नये आणि तिच्यातून आपली नड भागवू नये.

घरात वाईट दिवस आले, तर मुलांपासून ते लपत नाहीत. भांडी विकली, घर बदलले, तरी मुले ते समजून घेतात. अशा वेळी त्यांना एवढेच सांगता यावे, 'बाळा, आपले पुष्कळ गेले. तुझे होते ते मात्र जसेच्या तसे आहे.'