भरतकामाचा पहिला धडा

सारी हयात मुलांना अक्षर आणि अंकगणित शिकविण्यांत घालविलेल्या एका सेवानिवृत्त शिक्षकानें भरतकामाविषयीं बोलावें, हें ऐकून आपल्यापैकीं कित्येकांस नवल वाटेल, आणि घरोघरच्या भगिनींस कदाचित् हसूंहि येईल. त्या हसण्यास माझी हरकत नाहीं. मी या कलेंतला जाणकार म्हणून आपणांपुढें आलेलों नाहीं. वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं मीं पहिल्यानें भरतकामाची सुई हातांत धरली, आणि त्याला आतां दीड वर्ष होत आलें. ज्यानें नुकतीच वाट तुडविली त्याला वाटेंतले खड्डे अधिक नीट आठवतात, एवढाच काय तो माझा अधिकार. शिवाय रेडिओवरून कापड दाखवितां येत नाहीं. तेव्हां आज जें भरावयाचें तें शब्दांनींच भरलें पाहिजे.

प्रसंग असा घडला. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सारे अक्का म्हणतों, ती आमच्याच घरीं असते. तिच्या हातच्या भरतकामाची आमच्या नात्यागोत्यांत ख्याति आहे. तिनें एक पांढरा टेबलक्लॉथ भरावयास घेतला होता. चार कोपऱ्यांवर चार वेली, आणि प्रत्येक वेलीला सात पानें व दोन कळ्या. तीन कोपरे पुरे झाले आणि तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. औषधोपचारानें उरलेली दृष्टि टिकली. परंतु या रोगांत गेलेली दृष्टि परत मिळत नसते, त्यामुळें बारीक काम कायमचें सुटलें. टेबलक्लॉथ घडी होऊन पेटींत गेला. एके दिवशीं दुपारीं तिनें तो बाहेर काढला, चवथ्या कोऱ्या कोपऱ्यावरून बोटें फिरविलीं आणि मला म्हणाली, "बाळू, तूं भरतोस का रे हा कोपरा? मी सांगेन तसें करायचें."

मी म्हणालों, "अक्का, हें बायकांचें काम. माझ्या हातून कसें होणार?"

"कापडाला कुठें कळतें सुई कोणाच्या हातांत आहे तें?" ती म्हणाली.

तिचें म्हणणें खरेंच होतें. काश्मीरच्या शालींवरील सोझनीचें काम आणि उत्तरेकडील जरदोजीचें काम पिढ्यान् पिढ्या पुरुष कारागीर करीत आले आहेत. माझी सबब तेथेंच संपली.

त्या वेलींचीं पानें ज्या टांक्यानें भरलेलीं होतीं त्याला सॅटिन टांका म्हणतात. त्याची कृति सांगावयास अगदीं सोपी. आकृतीच्या एका कडेवर सुई वर काढावयाची, समोरच्या कडेवर खालीं घालावयाची, आणि पुन्हां पहिल्याच कडेला, आधींच्या टांक्याला लागून वर काढावयाची. असे टांके एकमेकांशीं समांतर आणि खेटून घालीत गेलें म्हणजे आकृति भरते, कापड दिसेनासें होतें, आणि त्या जागीं साटिनाच्या कापडासारखी तकाकी येते. म्हणूनच हें नांव. खुद्द सॅटिन हा शब्द चीनमधील च्वानझौ बंदरावरून आला असें मानतात. त्या बंदरास अरब व्यापारी जैतून म्हणत.

हें वर्णन ऐकून मला वाटलें कीं, यापेक्षां सोपें कांहीं नसेल. समांतर रेषा तर मीं मुलांच्या कित्येक पिढ्यांना शिकविल्या होत्या. अक्कानें मात्र टेबलक्लॉथला हात लावूं दिला नाहीं. एका जुन्या धुवट चादरीचा तुकडा तिनें पुढें केला आणि त्यावर एक पान काढावयास सांगितलें. मीं लडीचा दोरा होता तसा, सहाच्या सहा पदरांचा, चांगला दोन हात लांब घेतला, शेवटीं भक्कम गांठ मारली, आणि अर्ध्या तासांत पान भरून मोठ्या ऐटीनें तिच्या हातांत दिलें. त्या पानाच्या कडा करवतीसारख्या झाल्या होत्या, मधूनमधून कापड डोकावत होतें, आणि भोंवतालीं सुरकुत्यांचें जाळें पडलें होतें. अक्काला यांतलें कांहीं दिसलें नसावें. तिनें पानावरून एकदां बोट फिरविलें, मग कापड उलटें केलें आणि मागच्या बाजूवरूनहि बोट फिरविलें. तेथें तिला गांठी लागल्या. ती एकच शब्द बोलली, "उसव."

तो शब्द मला झोंबला, हें कबूल करतों. परंतु त्या शब्दापाठोपाठ तिनें प्रत्येक चुकीचें कारण सांगितलें, आणि तीं कारणें मी आज आपणांपुढें ठेवतों. कारण नवशिक्याच्या चुका बहुधा सर्वत्र याच असतात.

पहिली गोष्ट कापडाची. तें पांच-सहा इंचांच्या रिंगेंत असें ताणून बसवावें कीं, टिचकी मारली असतां ढोलकीच्या पुडीसारखा आवाज यावा. कापड सैल असलें कीं टांका तें आंवळतो आणि सुरकुत्या पडतात. मात्र काम थांबविलें कीं रिंग काढून ठेवावी, नाहींतर कापडावर तिचा वळ उमटतो.

दुसरी गोष्ट दोऱ्याची. लडीच्या सहा पदरांपैकीं एक किंवा दोनच घ्यावे, आणि तेहि अठरा इंचांहून लांब नकोत. लांब दोरा कापडांतून वारंवार ओढला जाऊन पिंजतो. दोन पदर घ्यावयाचे तर ते एकेक सुटे ओढून काढावे व मग जुळवून नेड्यांत ओंवावे, म्हणजे ते पिळाशिवाय शेजारीं शेजारीं निजतात. भरतांना दोऱ्याला पुन्हां पीळ चढतोच. म्हणून दर पांच-सहा टांक्यांनंतर सुई मोकळी लोंबकळत सोडावी, ती आपोआप फिरून पीळ काढते. सुईहि दोऱ्याच्या मानानें बारीक हवी. दुकानांत मागतांना एवढें लक्षांत असावें कीं, नंबर जसा वाढतो तशी सुई बारीक होत जाते.

तिसरी गोष्ट सुरुवातीची. गांठ मारूं नये. जी जागा पुढें भरली जाणार आहे तिच्यांतच दोन-तीन बारीक धांवदोरे घालून दोरा पक्का करावा, आणि शेवटीं तो मागच्या टांक्यांखालून ओढून कापावा. मग पानाच्या रेषेवर सगळीकडून बारीक उलटी टीप घालून घ्यावी. सॅटिनचा टांका या टिपेच्या किंचित् बाहेरून वर काढावयाचा आणि समोरच्या टिपेच्या किंचित् बाहेर खालीं घालावयाचा, म्हणजे टीप आंत झांकली जाते. माझी करवत नाहींशी झाली ती या एका युक्तीनें. टीप टांक्याला आधार देते आणि कड उचलून धरते.

चवथी गोष्ट भरण्याची. टोंकापासून सुरुवात केली तर टांक्यांचा कल हळूहळू बदलत जातो आणि दुसऱ्या टोंकाशीं पोंचेपर्यंत ते आडवे झालेले असतात. म्हणून पानाच्या मध्यावर, सर्वांत रुंद जागीं, पहिला टांका हव्या त्या तिरकसपणानें घालावा, तेथून एका टोंकापर्यंत जावें, मग मध्यावर परत येऊन दुसरें टोंक गांठावें. शिवणांत आपण सुई एका दमांत खालींवर काढतों तसें येथें करूं नये; एकदां सुई खालीं, दोरा पुरता ओढून घ्यावा, मग सुई वर, अशा दोन हालचाली स्वतंत्र असाव्या. टांका अर्ध्या इंचाहून लांब झाला कीं तो सैल पडून बांगडींत नाहींतर नखांत अडकतो. पान रुंद असेल तर मधल्या शिरेवर त्याचे दोन भाग करावे.

आणि शेवटची गोष्ट हाताच्या ओढीची. अक्का म्हणाली, "दोरा कापडावर निजवायचा असतो रे, बांधायचा नसतो."

पानाचे दोन भाग करण्यांत आणखी एक गंमत आहे. सॅटिन टांक्याची सारी शोभा प्रकाशावर अवलंबून असते. शेजारीं शेजारीं निजलेले धागे प्रकाश एकाच दिशेला परतवितात, म्हणून तकाकी दिसते. शिरेच्या एका बाजूचे टांके उजवीकडे आणि दुसऱ्या बाजूचे डावीकडे कललेले असले, तर एकाच लडीच्या हिरव्या दोऱ्याच्या दोन छटा दिसतात. कापड फिरविलें कीं त्यांची अदलाबदल होते. एकहि टांका तिरपा गेला तर त्या जागीं प्रकाश तुटतो. म्हणून या टांक्यांत चूक लपवितां येत नाहीं.

या टांक्याची थोरवी पाहावयाची असेल तर आपल्या मुंबईंतील पारशी कुटुंबांच्या जुन्या गारा साड्या पाहाव्या. एकोणिसाव्या शतकांत कँटनशीं व्यापार करणाऱ्या पारशी व्यापाऱ्यांनीं चिनी कारागिरांकडून भरून आणलेलीं तीं रेशमी वस्त्रें. त्यांवरील बगळे आणि फुलें इतक्या बारीक सॅटिन टांक्यानें भरलेलीं असतात कीं, तीं विणलेलीं आहेत असा भास होतो. दुसरें उदाहरण हिमाचलांतील चंबा येथील रुमालांचें. तेथें दुहेरी सॅटिन टांका घालतात. गांठ कोठेंच नसते, आणि चित्र दोन्ही बाजूंनीं सारखेंच दिसतें. अक्का कापड उलटें करून मागून बोट कां फिरविते, याचा उलगडा मला चंब्याच्या रुमालाची माहिती कळल्यावर झाला. साध्या सॅटिन टांक्यांतहि जितका दोरा वर तितकाच खालीं असतो. त्यामुळें उलटी बाजू सुलट बाजूबद्दल खोटें बोलूं शकत नाहीं.

नियम असे सर्व समजले. तरी पान साधेना. पंधरा दिवसांत मीं अकरा पानें भरलीं आणि अकराहि उसविलीं. एका संध्याकाळीं मी चिडून म्हणालों, "अक्का, सगळें ध्यानांत आहे, लक्षहि पुरें आहे, तरी टांका वांकडा जातोच."

ती शांतपणें म्हणाली, "लक्ष आहे रे तुझें. हाताला अजून ठाऊक झालेलें नाहीं, इतकेंच."

श्रोते हो, त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. माझ्या चवथीच्या वर्गांतला एक मुलगा मला आठवला. त्याचें अक्षर दुरेघी वहींत कधींहि रेघांच्या आंत राहात नसे. एकदां मीं त्याची वही सगळ्या वर्गापुढें धरली आणि म्हणालों, "पाहा रे, लक्ष नसलें म्हणजे अक्षर असें येतें." वर्ग हसला. परंतु तो मुलगा लिहितांना कसा दिसे तें मला आजहि स्पष्ट आठवतें. मान वहीवर पार वांकलेली, जीभ दांतांत धरलेली, आणि बोटें पेन्सिलीवर इतकीं घट्ट कीं नखें पांढरीं पडावीं. लक्ष नव्हतें तें माझें होतें. तो पेन्सिल बांधून धरीत होता. ती सैल धरावी हें त्याच्याजवळ बसून, त्याचें बोट हातांत घेऊन मीं एकदांहि सांगितलें नाहीं. त्या दिवसानंतर वर्ष संपेपर्यंत त्या मुलानें उत्तरासाठीं हात वर केला नाहीं. माझ्या नोकरीच्या उलट्या बाजूवरची ती एक गांठ आहे, आणि ती कोणी बोट फिरवून पाहिली नाहीं म्हणून मलाहि इतकीं वर्षें लागली नव्हती.

अक्कानेंहि माझ्या चुका सांगितल्या. एकहि सोडली नाहीं. पण तिनें चुकीला चूक म्हटलें, मला नव्हे. "उसव" म्हणण्यांत पुन्हां भरण्याची परवानगी असते. मीं त्या मुलाला ती दिली नाहीं.

बारावें पान साधलें. मग टेबलक्लॉथ माझ्या हातीं आला. सात पानें आणि दोन कळ्या भरावयास मला सात महिने लागले. काम पुरें झाल्यावर अक्कानें चारी कोपऱ्यांवरून बोटें फिरविलीं. चवथ्या कोपऱ्यांत एका पानावर तीं थांबलीं. "हें पहिलें ना?"

मी म्हणालों, "होय. उसवूं?"

"उसव. कापड अजून एकदां सोसेल."

या खेपेस तो शब्द मला मुळींच झोंबला नाहीं. कात्रीच्या टोंकानें उलट्या बाजूचे टांके एकेक कापले, सुटे धागे वेंचून काढले, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळच्या उजेडांत तें पान पुन्हां भरलें.

ज्यांना हा टांका शिकण्याची इच्छा आहे त्यांनीं एखाद्या जुन्या कापडाच्या तुकड्यावर इंचभर लांबीचें एकच पान काढून आरंभ करावा, आणि उसवण्यास कात्री जवळ ठेवावी. आणि ज्यांच्या घरीं एखादें मूल आज पाटीवर, वहीवर किंवा कापडावर झगडत असेल, त्यांनीं त्याचें लक्ष नाहीं असें म्हणण्यापूर्वीं क्षणभर त्याच्या बोटांकडे पाहावें.

तो माझा विद्यार्थी आतां चाळिशी ओलांडून गेला असेल. कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. रेडिओचा आवाज न विचारतां पुष्कळ घरांत शिरतो. त्याच्याहि घरांत शिरत असेल, तर त्यानें एवढें ऐकावें कीं, तुझें लक्ष होतें. चूक मास्तरांची होती.